"थिअरी पेपरापुरती, वॉर्डात हात चालला पाहिजे" – हे खरंच पटतं का तुम्हाला?

मेडिसिनवाली_सिस्टर

परवा आमच्याकडे नवीन जॉइन झालेल्या मुलींचं ओरिएंटेशन होतं. त्यात एका सीनियर सिस्टरने सगळ्यांसमोर सांगितलं की कॉलेजातली थिअरी गेटवर ठेवून यायची, इथे हात चालला पाहिजे. मुलींनी माना डोलावल्या. हे वाक्य मी स्टुडंट असल्यापासून ऐकतेय आणि दर वेळी डोकं फिरतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय. पटलं नाही तर खुशाल भांडा पण मुद्द्यावर भांडा.

कुठल्याही मेडिसिन वॉर्डात जा आणि टीपीआर चार्ट (टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन म्हणजे श्वास यांचा तक्ता) उघडा. टेम्परेचर वेगवेगळं, पल्स वेगवेगळा, बीपी वेगवेगळं, आणि रेस्पिरेशनच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०. न्यूमोनियाच्या आजोबांना २० आणि उद्या हर्नियाचं ऑपरेशन असलेल्या पोराला पण २०. हे लिहिणाऱ्या सिस्टर काही आळशी नसतात, त्यांचा हात भरपूर चालतो, शिरा सापडत नाही अशा पेशंटला पहिल्या फटक्यात आयव्ही लावतात. पण श्वास का मोजायचा हे त्यांच्या डोक्यात कुणी नीट बसवलेलंच नसतं. अंगात इन्फेक्शन पसरायला लागलं की रक्तात ॲसिड वाढतं, ते बाहेर टाकायला शरीर श्वास वाढवतं आणि हे सगळं बीपी पडायच्या बरंच आधी सुरू होतं, ऑक्सिजनचं सॅच्युरेशन तेव्हा ९६ सुद्धा दिसू शकतं. हे ज्याला माहीत आहे तो घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट बेडजवळ उभा राहतो. यूकेत २०१२ पासून पेशंट बिघडतोय का हे ओळखायला जो न्यूज (NEWS) स्कोअर वापरतात त्यात श्वास २५ किंवा जास्त असेल तर त्या एकट्याचेच ३ पॉइंट मिळतात आणि तेवढ्यावर डॉक्टरला बोलवायचं असतं.

दुसरं उदाहरण पाठीचं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला स्पिरिट चोळायचं, पावडर मारायची, माकडहाडावर लाल झालं असेल तर तिथे अजून जोरात मसाज करायचा. टाचेखाली पाणी भरलेले ग्लोव्हज ठेवायचे. हे सगळं आम्हाला अनुभवी हातांनीच शिकवलं, प्रेमाने शिकवलं. आता बेडसोरच्या (पडून राहून होणाऱ्या जखमांच्या) गाइडलाइन्स स्पष्ट सांगतात की लाल जागेवर चोळायचं नाही, बोटाने दाबल्यावर जो लालपणा फिका पडत नाही त्याच्या खालची कातडी आधीच मार खाल्लेली असते आणि चोळून आपण ती अजून फाडतो. पाण्याचे ग्लोव्हज पण नकोत. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवायची, कूस बदलायची, ओलं राहू द्यायचं नाही, प्रोटीन पोटात जातंय का बघायचं. मग सांगा, इतकी वर्षं चोळणाऱ्या हातांना अनुभव कमी होता का?

माझं म्हणणं एवढंच आहे की अनुभवाने हात पक्का होतो, पण चुकीची गोष्टसुद्धा त्याच हाताने पक्की होते. नर्सिंगची थिअरी बाजूला काढली की सिस्टर फक्त ऑर्डर पाळणारी उरते, डॉक्टरने लिहिलं तेवढं करणारी. तिचा स्वतःचा प्रश्न काय, तिने पेशंटमध्ये काय बघायचं, हे सांगणारं दुसरं काही नाही.

नाईटड्यूटी_९३

ताई, उदाहरणं मस्त आहेत, श्वासाचं तर अगदी खरं आहे. पण तुम्ही लिहिलंत ती फिजिऑलॉजी झाली. ॲसिड वाढलं, श्वास वाढला, कातडीचं रक्त बंद झालं. याला कोण नाही म्हणतंय? पण कॉलेजात "नर्सिंग थिअरी" म्हणून जे घोकून घेतात ते हे नाहीये. ते म्हणजे नर्सिंगची मॉडेल्स मांडणाऱ्या अमेरिकन बाया, ओरेम, रॉय, किंग, लेनिंजर आणि मार्था रॉजर्स, जिच्या मते माणूस म्हणजे एनर्जी फील्ड आणि आजूबाजूचं जग म्हणजे पण एनर्जी फील्ड. व्याख्या पाठ करा, चार चौकोन आणि बाणांची आकृती काढा, मार्क घ्या. माझ्या पूर्ण नोकरीत एकाही पेशंटसमोर मला रॉजर्स आठवलेली नाही.

मी सरकारी जिल्हा हॉस्पिटलमध्ये आहे. नाईटला आम्ही दोघी आणि एक मावशी, बेड फुल, खाली गाद्या टाकलेल्या. पहाटे चारला एकीकडे झटके येतायत, दुसरीकडे नातेवाईक सलाईन संपली म्हणून ओरडतायत. नर्सिंग कौन्सिलच्या कागदावर शिकवणाऱ्या हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक सिस्टर आणि साध्या हॉस्पिटलला पाचमागे एक असं प्रमाण आहे. ते कुठे दिसलं तर मला पत्ता कळवा. अशा वेळी ती २० लिहिणारी सिस्टर अडाणी असते म्हणून २० लिहीत नाही, तिच्याकडे ते एक मिनिटच नसतं. चाळीस पेशंट म्हणजे नुसता श्वास मोजायला चाळीस मिनिटं, चालणं फिरणं वेगळं. तुमच्या सीनियर सिस्टरचं वाक्य कडक असेल पण ते कुठून येतं तेही बघा ना.

फाउंडेशन_ट्यूटर

नाईटड्यूटी मॅडम, फिजिऑलॉजी आणि नर्सिंग थिअरी वेगळी हा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि धागा काढणाऱ्या ताईंनी दोन्ही एकत्र केलंय हेही खरं. पण "पेशंटसमोर कधी आठवली नाही" हे मला मान्य नाही. नाव आठवलं नसेल, वापर रोज होतो.

डावी बाजू गेलेला स्ट्रोकचा पेशंट घ्या. डॉक्टरचं काम गुठळी, बीपी, औषधं. फिजिओचं काम हातपाय. आता सकाळी सात वाजता त्याला दात घासायचेत, चहा प्यायचाय, लघवीला जायचंय, लाज वाटतेय, बायको रडतेय. हे कोणाचं? व्हर्जिनिया हेंडरसनने माणसाच्या १४ मूलभूत गरजा मांडल्या त्या इथे लागतात, श्वासापासून सुरू होऊन खाणं, झोप, कपडे, बोलणं, आपल्या श्रद्धेप्रमाणे वागणं, शिकणं इथपर्यंत. आणि हेंडरसन म्हणते की ताकद, इच्छा आणि माहिती असती तर पेशंटने जे स्वतःच केलं असतं त्यात मदत करायची, तीही अशी की तो लवकरात लवकर स्वतः करायला लागेल. ओरेम त्याच्या पुढे जाते. कधी सगळं आपणच करायचं, कधी अर्धं अर्धं, आणि कधी नुसतं शिकवून हात मागे घ्यायचा. हा निर्णय रोज बदलतो. सोमवारी तुम्ही भरवलंत म्हणून गुरुवारी पण भरवत राहिलात तर तुम्ही त्याचा उजवा हातसुद्धा रिकामा बसवता. फिजिऑलॉजीच्या कुठल्याच पुस्तकात हे "आज किती मदत करू" मिळत नाही.

नाईटड्यूटी_९३

मॅडम याला आमच्या आईने अक्कल म्हटलं असतं. लहान पोराला चालायला शिकवताना बोट सोडतातच की. त्याला अमेरिकेतल्या बाईचं नाव कशाला पाहिजे?

बाबांचा_मुलगा

मी नर्सिंगमधला नाही, पण ट्यूटर मॅडमचं वाचून राहवलं नाही. आमच्या बाबांना स्ट्रोक झाला होता तेव्हा अगदी हेच घडलं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सिस्टर आल्या, आईच्या हातातली वाटी घेतली, टेबल पुढे ओढलं, बाबांच्या उजव्या हातात चमचा दिला आणि म्हणाल्या आता काका स्वतः खातील. निम्मा भात अंगावर सांडला. आई इतकी चिडली की त्या सिस्टरशी बोलेना, म्हणे पैसे घेतात आणि आजारी माणसाला साधं भरवत नाहीत. आत्याने तर मला बाजूला घेऊन सांगितलं की लोक काय म्हणतील, घरात सून असून सासरा हाताने खातोय.

बाबा आज स्वतः जेवतात, अंघोळीला मदत लागते. पण आईला ते अजून पटलेलं नाही, ती आजही म्हणते तेव्हा फार हाल केले. माझा प्रश्न असा आहे की सिस्टरने ते का करतोय हे आम्हाला दोन वाक्यात सांगितलं असतं तर? आम्हाला वाटलं कामचुकारपणा आहे. ज्ञान त्यांच्याकडे होतं पण आमच्यापर्यंत आलंच नाही.

फाउंडेशन_ट्यूटर

दादा, तुम्ही जे लिहिलंत ते मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना? नाईटड्यूटी मॅडम, हेच तुमच्या अक्कल या शब्दाला उत्तर आहे. यांच्या आईंची अक्कल सांगत होती भरवा, कारण आपल्याकडे आजारी माणसाची सेवा म्हणजे त्याला हात हलवू न देणं. आत्याची अक्कल पण तेच सांगत होती. अक्कल घराघराप्रमाणे बदलते. सिस्टरला तिच्या पलीकडचं काहीतरी धरून चालावं लागतं आणि वर ते घरच्यांच्या गळी उतरवावं लागतं. लेनिंजर त्यासाठीच आहे, पेशंटची रीत कुठे जपायची, कुठे थोडी वाकवायची आणि कुठे बदलायला सांगायची हे तिने मांडलं. इथे चमच्याआधी आईंशी बोलायला पाहिजे होतं.

नाईटड्यूटी_९३

चालेल, एक गुण तुम्हाला. पण बघा, ती सिस्टर ओरेम शिकलेलीच असणार, तरी घरच्यांशी बोलली नाही. म्हणजे शिकून फायदा किती झाला? आणि बहुतेक बोलली नाही कारण तिला अजून वीस जणांचा नाश्ता आणि आठची इंजेक्शनं होती.

निवृत्त_मेट्रन

सगळं वाचतेय. मला मुंबईच्या केईएम हॉस्पिटलची आठवण करून द्यावीशी वाटते. तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या सिस्टर अरुणा शानबाग यांना तिथल्या सिस्टरांनी १९७३ ते २०१५, म्हणजे ४० वर्षांहून जास्त सांभाळलं. अंथरुणावरच्या पेशंटला इतक्या वर्षांत बेडसोर झाला नाही, सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालात सुद्धा त्या काळजीबद्दल लिहिलंय. सिस्टरांच्या किती बॅचेस आल्या आणि रिटायर झाल्या. तिथे कोणी आकृत्या काढून काळजी घेतली नव्हती. आपलं माणूस म्हणून घेतली. आजच्या मुलींना स्केल भरता येतं, बेडसोर येणार की नाही याचे मार्क काढता येतात, पण रात्री दोन वाजता कूस बदलायला उठायचं कुठल्या थिअरीत शिकवणार? मी राउंडला गेले की पेशंटच्या चेहऱ्यावरून सांगायचे की याच्याकडे लक्ष ठेवा, हा आज बरा दिसत नाही, आणि बहुतेक वेळा रात्री तोच पेशंट बिघडायचा. ते मला पुस्तकाने दिलं नाही.

मेडिसिनवाली_सिस्टर

मेट्रन मॅडम, नमस्कार. केईएमच्या सिस्टरांबद्दल बोलताना मान खालीच जाते, त्यावर वाद नाही. पण माया होती म्हणून बेडसोर झाला नाही असं म्हणणं मला त्यांच्यावरच अन्याय वाटतो. घरोघरी आजी-आजोबांवर माया करणारी माणसं असतात आणि तरी बेडसोर होऊन आमच्याकडे येतात, हाड दिसेपर्यंत. माया त्यांचीही कमी नसते. केईएममध्ये मायेबरोबर काम माहीत असलेले हात होते, आणि एका बॅचने दुसऱ्या बॅचला ते नीट सोपवलं होतं. ओव्हर देताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट सोपवताना, कूस कधी बदलली, कातडी कशी आहे, काय खाल्लं हे सांगितल्याशिवाय एवढी वर्षं निघत नाहीत. मायेचं माणूस रिटायर झालं तरी पेशंटची पाठ शाबूत राहते, याला मी ज्ञान म्हणते.

आणि "हा आज बरा दिसत नाही" याबद्दल. पॅट्रिशिया बेनरने १९८४ मध्ये हेच लिहिलं. नवखी सिस्टर नियम धरून चालते, आणि मुरलेली सिस्टर अख्खा पेशंट एका नजरेत बघते, तिला पायऱ्या मोजाव्या लागत नाहीत. त्याआधी १९७८ मध्ये बार्बरा कार्परने सांगितलं होतं की नर्सिंगचं ज्ञान चार प्रकारचं असतं. शास्त्राचं, कलेचं म्हणजे त्या क्षणी त्या माणसाला काय हवंय ते ओळखण्याचं, स्वतःला ओळखण्याचं आणि नीतीचं. तुमची नजर त्यात पूर्ण बसते मॅडम. थिअरीने तुमच्या अनुभवाला बाहेर काढलेलं नाही, उलट खुर्ची दिलीय.

नाईटड्यूटी_९३

नाही ताई, इथे मी अडणार. मेट्रन मॅडमची नजर आधी होती, बेनरचं पुस्तक नंतर आलं. म्हणजे आमच्याच कामावरून तुम्ही थिअरी लिहिता, मग तीच आम्हाला पेपरात विचारता आणि म्हणता हा तुमच्या कामाचा पाया. पाया आधी असतो ना? इथे घर आधी बांधलंय.

मेडिसिनवाली_सिस्टर

नजर आधी होती, मान्य. पण मेट्रन मॅडम रिटायर झाल्या, नजर त्यांच्याबरोबर घरी गेली. डॉक्टरला रात्री फोन केला की "सर पेशंट बरा दिसत नाही" तर पुढून काय येतं तुम्हाला माहीतच आहे. तेच "श्वास २८, पल्स ११८, सकाळपासून लघवी कमी, मघाशी नाव विचारलं तर गोंधळले" असं सांगितलं की माणूस उठून येतो. नजरेला शब्द मिळाले की ती दुसरीला शिकवता येते, तिच्या जोरावर भांडताही येतं. यासाठी पाहिजे थिअरी.

लीड्सचा_ब्रदर

सांगलीत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, आता काही वर्षं इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. दोन्हीकडचं बघितलंय म्हणून लिहितो. इथे मला आजवर कोणी विचारलं नाही की बाबा रे रॉयचं मॉडेल सांग. पण पेशंट ॲडमिट झाला की जो फॉर्म भरतो त्यात श्वास, खाणंपिणं, शौचाचं, स्वच्छता, हालचाल, झोप, बोलणं अशी एकेक सदरं असतात. मला वाटायचं कुठल्यातरी ऑफिसवाल्याने बनवलेला फॉर्म आहे. नंतर कळलं की ते रोपर, लोगन आणि टियर्नी या तिघींच्या मॉडेलवरून आलंय, रोजच्या जगण्यातल्या १२ गोष्टी. म्हणजे थिअरी फॉर्ममध्ये मुरलेली आहे, वापरणाऱ्याला नाव माहीत नसतं. त्यामुळे नाईटड्यूटी ताई म्हणतात नावं कशाला, ते मला अर्धं पटतं.

पण पुढचं ऐका. २०१४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये युरोपातल्या ९ देशांचा अभ्यास आला होता, लिंडा एकन आणि बाकीच्यांचा. ३०० हॉस्पिटलं, ऑपरेशन झालेले ४ लाख २२ हजारांच्या वर पेशंट. ज्या हॉस्पिटलात डिग्रीवाल्या नर्सेस १० टक्क्यांनी जास्त तिथे ३० दिवसांत पेशंट दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी निघाली. मी स्वतः डिप्लोमावाला आहे, मला ते वाचून फार बरं वाटलं नाही, पण आकडा आकडा असतो. डिग्रीत जास्तीचं काय असतं? इंजेक्शन तर दोघंही सारखंच देतात. जास्तीची असते ती थिअरी, रिसर्च, का आणि कशासाठी हे विचारायची सवय.

नाईटड्यूटी_९३

ब्रदर, त्याच अभ्यासातला पहिला आकडा पण सांगा की. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. एक पेशंट! आमच्याकडे एक नाही, वीस जास्त असतात. शिवाय तो अभ्यास हॉस्पिटलं शेजारी शेजारी ठेवून केलेली तुलना आहे, जिथे डिग्रीवाल्या जास्त तिथे बाकीची सोय पण बरी असू शकते, त्यांनी हिशोब लावला असेल तरी सगळं थोडंच धरता येतं. आणि युरोपातली डिग्री आणि आपल्याकडच्या काही कॉलेजांची डिग्री यात किती अंतर आहे ते इथे सगळ्यांना माहीत आहे, जिथे स्वतःचं हॉस्पिटल नाही, स्टुडंट बसमधून चार तास फिरून येतात आणि जर्नल पूर्ण. आधी रिकामी पदं भरा, मग पायाचं बोलू.

उपकेंद्राची_सीएचओ

मी गडचिरोली भागात उपकेंद्रावर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आहे. डिग्री-डिप्लोमाचं वाचून इथलं लिहावंसं वाटलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं काम केलं, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना ट्रेनिंग दिलं, आरोग्यदूत म्हणून. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. ना बीएस्सी, ना जीएनएम. आज आशाताई बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जातात ते तिथूनच देशभर गेलंय. मग मला सांगा, पाया म्हणजे नक्की काय? त्या बायांना ओरेम कुठे माहीत होती.

मेडिसिनवाली_सिस्टर

सीएचओ ताई, तुम्ही माझ्याच बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण आणलंत! त्या बाया कशाच्या जोरावर काम करत होत्या? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त म्हणजे धोका, हे कुणीतरी आधी शोधलं, तपासलं आणि मग त्यांच्या हातात दिलं. ज्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी तर मण्यांचं यंत्र बनवलं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, मिनिटाच्या वाळूत लाल मण्यापर्यंत गेलं की न्यूमोनिया धरायचा. बघा म्हणजे, गडचिरोलीच्या खेड्यात न शिकलेली दाई पूर्ण मिनिटभर बाळाच्या पोटाकडे बघत बसते आणि शहरातल्या हॉस्पिटलात तीन-चार वर्षं शिकलेली आमची मुलगी २० लिहून पुढे जाते. दाईकडे सर्टिफिकेट नव्हतं, पण मोजायचं कशाला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

उपकेंद्राची_सीएचओ

हे बरोबर आहे, पण तिच्याकडे एका वेळी एकच बाळ होतं ताई, आणि सुपरवायझर नियमित येऊन बघून जायचे, चुकलं तर तिथेच दाखवायचे. ज्ञान दिलं आणि सोडून दिलं असं नव्हतं. म्हणून नाईटड्यूटी ताईंचं म्हणणं पण धरायला पाहिजे.

वाचनवेडा_ब्रदर

मला एक खटकतंय. सगळे म्हणतात आधी थिअरी बरोबर पाहिजे तरच काम बरोबर. मग नाइटिंगेलचं काय करायचं? क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या हॉस्पिटलात फेब्रुवारी १८५५ मध्ये शेकडा ४२ च्या आसपास सैनिक मरत होते. मार्चमध्ये सॅनिटरी कमिशन आलं, गटारं साफ झाली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत तेच प्रमाण २ च्या आसपास आलं. आता बाईंची थिअरी काय होती? घाण वासाच्या हवेतून रोग होतो. जंतूंचं नावही नाही. थिअरी चूक, पेशंट वाचले. म्हणजे थिअरी चुकीची असली तरी चालतं, हातातलं काम बरोबर पाहिजे. मला तरी यातून नाईटड्यूटींच्या बाजूचाच निष्कर्ष दिसतो.

फाउंडेशन_ट्यूटर

ब्रदर, फार चांगला मुद्दा. पण अर्धाच सांगितलात. त्या बाई युद्धावरून परत आल्यावर मेलेल्यांचे आकडे मांडत बसल्या, आणि १८५८ मध्ये त्यांनी ते गोल पाकळ्यांचे तक्ते छापले ज्यात दिसतं की जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त माणसं गेली. ती मोजदाद नसती तर गटार साफ केल्याने फरक पडला हे कुणाला कळलंच नसतं, पुढच्या युद्धात परत तेच. थिअरी कच्ची होती पण तपासायची तयारी होती. तपासली म्हणून नंतरच्यांना ती दुरुस्त करता आली. जी गोष्ट कधी मांडलीच नाही ती चुकली हे तरी कसं कळणार? स्पिरिट चोळणं इतकी वर्षं चाललं ते यामुळेच, कोणी लिहून विचारलंच नाही की का चोळतो.

थर्ड_इयर

मी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोठ्यांच्या मध्ये बोलतेय पण आमची बाजू कोणीच सांगत नाहीये. प्रत्येक पोस्टिंगला केअर प्लॅन, केस स्टडी, प्रेझेंटेशन, सगळं हाताने लिहायचं, तेही सुवाच्य आणि रंगीत पेनने रेघा मारून. त्यामुळे सगळ्याजणी सीनियरची फाईल घेतात. नर्सिंग डायग्नोसिस, म्हणजे सिस्टरने ओळखलेली पेशंटची अडचण, कायम तेच, आजारामुळे चिंता, माहितीचा अभाव, झोप कमी. इव्हॅल्युएशनमध्ये लिहायचं "पेशंटची चिंता काही प्रमाणात कमी झाली". एकदा आमच्या ग्रुपमधल्या मुलीने कोमातल्या पेशंटला माहितीचा अभाव लिहिला आणि तिला पूर्ण मार्क मिळाले, कारण फाईल सुंदर होती. तपासणाऱ्या मॅडमनी पेशंट पाहिलाच नव्हता. अशाने थिअरीवर राग येतो हो. मला ओरेम खरं तर आवडली होती वाचताना.

मेडिसिनवाली_सिस्टर

बाळा, तू मोठ्यांच्या मध्ये बोललीस ते उत्तमच केलंस. माझं थिअरीवर कितीही प्रेम असलं तरी या फाईलींचं समर्थन मी करणार नाही. कोमातल्या पेशंटला माहितीचा अभाव, आणि त्याच पेशंटचे डोळे उघडे राहून कोरडे पडतायत, तोंडात थर जमलाय, हे त्या फाईलमध्ये कुठेच नसणार. उघड्या राहणाऱ्या डोळ्यांवर ओली गॉज की ड्रॉप्स, तोंड किती तासांनी साफ करायचं, नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबने फीड देताना डोकं किती वर आणि नंतर किती वेळ वर ठेवायचं, त्याच्या बायकोला त्याच्याशी बोलायला सांगायचं का, हा त्या माणसाचा केअर प्लॅन.

मी आमच्या कॉलेजच्या मॅडमना सुचवणार आहे की पोस्टिंगला एकच प्लॅन घ्या, साध्या कागदावर दोन पानं, पण तोंडी परीक्षा पेशंटच्या बेडजवळ. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न, का? व्याख्या विचारू नका, नाव पण विचारू नका.

फाउंडेशन_ट्यूटर

बेडजवळच्या परीक्षेला माझा पूर्ण पाठिंबा. नावं मात्र काढू नका ताई. पुढे एमएस्सीला जाणाऱ्या, रिसर्च करणाऱ्या मुलींना कुणी काय मांडलं हे माहीत पाहिजे, नाहीतर प्रत्येक पिढी तीच गोष्ट नव्याने शोधत बसणार. पाच मार्क ठेवा, वीस नको.

नाईटड्यूटी_९३

पाच मार्कांना माझी हरकत नाही. रॉजर्सबद्दल माझं मत तेच आहे. पण बेडजवळची परीक्षा घेणार कोण ते आधी ठरवा. हे म्हणायचं आणि शेवटी वॉर्डच्या सिस्टरच्याच गळ्यात टाकायचं, असंच आजवर होत आलंय. ट्यूटर मॅडम वॉर्डात येतात, हजेरी घेतात, सह्या करतात आणि अकराला बसने परत. शिकवणाऱ्यांनी युनिफॉर्म घालून आठवड्यातून एक पूर्ण शिफ्ट वॉर्डात काढावी, चार पेशंट स्वतःच्या अंगावर घेऊन. मग मुलींना दिसेल की थिअरी हातात कशी उतरते, आणि ट्यूटरांना पण दिसेल की चाळीस पेशंटमध्ये ती कुठे अडकते.

फाउंडेशन_ट्यूटर

मी तयार आहे, खरंच. वर्गातला लोड कमी करायला प्रिन्सिपल मॅडमना विचारावं लागेल, पण मंगळवारची मॉर्निंग मी सोडवू शकते. तुमच्याकडे एका वेळी किती मुली चालतील?

नाईटड्यूटी_९३

सहाच्या वर नको. आणि ओव्हरला हजर राहायचं, म्हणजे साडेसातला, नऊला नाही.